घाटावरच्या नोंदी: संरक्षक भिंत, पोकलेन आणि मधे मी

22 जानेवारी 2024

काम आज सुरू झालं. वाई आणि संगम माहुलीच्या मधलं कृष्णाकाठचं एक गाव, नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण नाव टाकलं की रात्री मेटल डिटेक्टर घेऊन पोरं येतात आणि मग सकाळी नुसते खड्डे मोजायचे, हे एकदा बघून झालंय. 2019 च्या पुरात काठ सुटला, 2021 च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात जवळपास 594 मिलिमीटर पडला तेव्हा उरलासुरला गेला, घाटाच्या उत्तरेकडचा कोपरा खचला, आणि आता तिथे आरसीसीची संरक्षक भिंत, शिवाय जुन्या पायऱ्यांची दुरुस्ती.

घाट कुठल्याच संरक्षित यादीत नाही. केंद्राच्या यादीतलं स्मारक असतं तर 100 मीटरच्या आत बांधकामच करता आलं नसतं आणि पुढच्या 200 मीटरला परवानगी लागली असती. यादीत नसलं की खोदताना कुणी बाजूला उभं राहून बघावं अशी सक्ती आपल्याकडे नाही. गावातल्या चार जणांनी पाठपुरावा केला म्हणून टेंडरमध्ये एक ओळ आली, "खोदकामाच्या वेळी पुरातत्त्वीय देखरेख ठेवावी", त्या एका ओळीच्या जोरावर मी इथे उभी. ठेकेदारांनी पहिल्याच दिवशी विचारलं, मॅडम तुम्ही काम थांबवायला आलाय का? म्हटलं नाही, बघायला आलेय. पटलेलं दिसलं नाही.

24 जानेवारी

खालच्या बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढायला सांगितलेत, त्याशिवाय पाणी उतरणार नाही. तोवर फोटो, मोजमापं, डम्पी लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून देवळाच्या जोत्यावर बेंचमार्क, म्हणजे सगळ्या उंच्या जिथून मोजायच्या ती खूण. पायऱ्या काळ्या पाषाणाच्या, वरच्या घडीव, सांधे इतके घट्ट की पोस्टकार्ड जात नाही, आणि मधेच ग्रामपंचायतीने कधीतरी सिमेंट थापलेलं. हे सिमेंट फार वाईट काम करतं. चुन्याचं बांधकाम श्वास घेतं, ओल येते आणि जाते, वरून सिमेंट बसलं की ओल आत अडकते आणि मग दगडाचे पापुद्रे सुटायला लागतात. सिमेंटच्या कडेने बघा, तिथेच सुटलेत, इतरत्र नाही.

2 फेब्रुवारी

पहिला चर. भिंतीच्या पायाची लाईन घाटाच्या पाठीमागून जाते, तिथे पोकलेन लावला. पद्धत अशी ठरवली की बकेटला दात असलेलं नको, सपाट ब्लेडचं लावायचं आणि एका वेळी वीतभरच माती काढायची. ऑपरेटर दादा बिहारचे, त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग जेवणाच्या सुट्टीत त्यांना सेक्शन दाखवला, म्हणजे चराची उभी बाजू थापीने साफ करून, पाण्याचा फवारा मारून. ओल्या मातीत थर असे उठून दिसतात की समजवायची गरजच पडत नाही.

वरचा थर पिवळसर बारीक गाळ, त्याखाली बोटभर काळपट, त्यात काटक्या, पानं, परत पिवळा. वरच्या पिवळ्यात वेफरचं पाकीट, पाच रुपयेवालं, छपाईची तारीख जून 2019. म्हणजे हा गाळ जून 2019 च्या आधीचा असूच शकत नाही. शास्त्र एवढंच आहे खरं तर, थरात सापडलेली सगळ्यात नवी वस्तू थर जास्तीत जास्त किती जुना ते सांगते, मग ती वस्तू नाणं असो नाहीतर गुटख्याची पुडी. त्याखालच्या थरात प्लास्टिक कमी, आणि साधारण कंबरेइतकं खाली गेल्यावर बंदच. दादांनी पाकीट हातात घेऊन विचारलं हे पण जमा करायचं का. हो, झिपलॉकमध्ये, टॅग लावून. त्या दिवसापासून ते मला प्रत्येक पुडी आणून द्यायला लागलेत, आता नको म्हणवत नाही.

9 फेब्रुवारी

काही नाही. गाळ, डबर, एक फुटका कप.

14 फेब्रुवारी

उत्तरेच्या खचलेल्या कोपऱ्यातल्या पायऱ्या उचलायला घेतल्या. त्यातला एक लांबट दगड वरून गुळगुळीत, अगदी झिजलेला, पट्टा लावून उचलला आणि हवेत फिरला तेव्हा खालच्या बाजूला कोरीव काम. वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या स्मरणाचा दगड. उलटी घालून पायरी केलेली.

तीन कप्पे. खालच्यात लढाई, डावीकडे ढाल-तलवारवाला, त्याच्यासमोर दोघं, आणि मागे दोन गाईंची तोंडं. म्हणजे गाई सोडवायला गेलेला माणूस. मधल्या कप्प्यात दोन्ही बाजूंनी अप्सरा त्याला उचलून नेतायत, वरच्यात तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलाय, पुजारी आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. चिखलात तोंड करून पडल्यामुळे खालचा कप्पा इतका ताजा राहिलाय की ढालीवरची नक्षी मोजता येते, आणि लढणाऱ्याच्या केसांचा अंबाडा मागे बांधलाय तो सुद्धा. वरचा भाग मात्र चुन्यात बसला होता, तो जरा खराब. लेख नाही. लेख नसला की शतक छातीठोकपणे सांगता येत नाही, शैलीवरून घाटापेक्षा बरीच जुनी, एवढंच वहीत लिहिलं. लोक लगेच विचारतात "कुणाची?" आणि मला "माहीत नाही" म्हणायची सवय आहे पण त्यांना ऐकायची नाही.

गर्दी जमली. एक आजी काठी टेकत आल्या, दगड ओळखला. "ह्यो तर आमचा धुण्याचा दगूड. माझ्या सासूनं ह्याच्यावर धुनं बडवलं, मी बडवलं. आन् खाली द्येव हुता व्हय?" मग थोडा वेळ गप्प, आणि मग, "बरं झालं पालथा हुता."

15 फेब्रुवारी

सकाळी येऊन बघते तर वीरगळीला शेंदूर. नारळ फुटलेला, उदबत्ती, हळदकुंकू. रात्रीत म्हसोबा झाला.

आमच्या क्षेत्रातले बरेच लोक यावर चिडतात, शेंदराचे थर चढले की कोरीव काम दिसत नाही हे खरंच आहे. मी फोटो आणि छाप कालच घेऊन ठेवलेत म्हणून असेल, पण मला फार वाईट वाटलं नाही. शेंदूर लागलेला दगड कुणी पायाखाली घालत नाही, फोडून जोत्यात घालत नाही आणि ट्रकमध्ये टाकून विकायची तर हिंमतच होत नाही. सरपंचांशी बोलून देवळाच्या ओवरीत, भिंतीला टेकवून, खाली लाकडी ठोकळे देऊन उभी करायचं ठरलं, आणि शेंदूर फक्त वरच्या चंद्र-सूर्याला. पुजारीकाका म्हणाले मी बघतो. बघू.

19 फेब्रुवारी

शिवजयंती, काम बंद.

22 फेब्रुवारी

चाळणीत नाणं. तांब्याचं, हिरवट, बोटाच्या पेराएवढं, एका बाजूला "श्री राजा शिव" मधलं "राजा" आणि "शि" वाचता येतं, दुसरीकडे "छत्र", मधे दोन आडव्या रेघा. दुदांडी शिवराई. अर्ध्या तासात गावभर झालं की महाराजांच्या हातचं नाणं सापडलं, संध्याकाळी साताऱ्यातनं दोन पत्रकारांचे फोन.

नाव महाराजांचं असलं तरी शिवराई त्यांच्यानंतर शंभर-दीडशे वर्षं पाडली जात होती, सातारकर छत्रपती, पेशवे, सगळ्यांच्या काळात, आणि इंग्रज आल्यावरही बाजारात चालत होती. दोन रेघांची तर उशिराचीच. त्यामुळे या नाण्यावरून घाट शिवकाळातला ठरत नाही. उलट ते ज्या थरात आहे त्यात काचेच्या बांगड्यांचे तुकडे आणि निळ्या नक्षीच्या चिनी मातीच्या बशीची कड पण आहे. हे सगळं फोनवर सांगितलं, पण बातमीत काय येईल ते माझ्या हातात नाही.

कायद्याचं सांगते कारण सगळे विचारतात. 1878 चा निखात निधी कायदा अजून लागू आहे, जमिनीत दडलेली दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली की कलेक्टर साहेबांना लेखी कळवायचं. दहा रुपये 1878 मधले, तो आकडा कुणी बदलला नाही. तलाठी भाऊसाहेब, पोलीस पाटील, पंच, पंचनामा, सीलबंद पाकीट. एका नाण्यासाठी अख्खी दुपार गेली, पण कागद झाला की नाणं कुणाच्या खिशात जात नाही.

28 फेब्रुवारी

पाणी बऱ्यापैकी उतरलं. गाळाखाली अजून पायऱ्या आहेत. वर दिसत होत्या त्याच्या जवळजवळ निम्म्या खाली गाडलेल्या, आणि खालच्या जास्त चांगल्या. इथे दगड एकमेकाला लोखंडी आकड्यांनी जोडलेत, डमरूच्या आकाराची खाच कोरून, आत लोखंड, वरून शिसं ओतलेलं. शिसं 327 अंशाला वितळतं म्हणजे काठावर शेगडी पेटवून कढईत वितळवून जागेवर ओतता येतं, आणि ते लोखंडाला पाणी लागू देत नाही. जिथे शिसं शाबूत तिथे आकडा आतून अजून काळा, घट्ट. जिथे कुणीतरी छिन्नीने शिसं खरवडून नेलंय तिथे लोखंड गंजून फुगलंय आणि फुगताना दगडाला उभी चीर पाडलीय. पायऱ्या पुराने फुटल्या असं सगळे म्हणतात, या पट्ट्यात तरी भंगारवाल्याने फोडल्यात. पूर नंतर आला.

चुन्याचा नमुना घेतला. भिंगाखाली तांबडे कण, विटकर, म्हणजे सुरखी घातलेली. भाजलेल्या विटेची पूड चुन्यात मिसळली की तो पाण्याखालीही घट्ट होतो, नुसता चुना होत नाही. गवंडी मामा म्हणाले गूळ आणि बेलफळ पण असणार. असेल, ते भिंगाने दिसत नाही. चुना मळायची जुनी घाणी कुठे होती विचारलं तर देवळामागच्या शेतात गोल दगडी चाक पडलंय ते दाखवलं, त्याच्यावर सध्या कडब्याची गंजी.

8 मार्च

महाशिवरात्र, घाटावर पाय ठेवायला जागा नाही. चराला बांबू आणि दोरी लावून ठेवली होती तरी लोक आत वाकून बघत होते. बऱ्याच जणांनी त्यात सुटे पैसे टाकले. दोनशे वर्षांनी कुणाला तरी त्रास.

12 मार्च

आज खरं सापडलं. भिंतीच्या पायाचा चर घाटाच्या मधोमध पाठीशी आला आणि पोकलेनचं ब्लेड खरवडल्याचा वेगळाच आवाज आला. "मॅडम, पत्थर के नीचे खाली है," दादांनी मशीन आपणहून बंद केलं. खालून आडवे दगड, फरशीसारखे लावलेले, एक बाजूला सरकवला तर आत पोकळी. दोन फूट रुंद, अडीच फूट उंच, दोन्ही बाजूला घडीव दगडाच्या भिंती, तळाला फरसबंदी, नदीकडे उतार. टॉर्च मारला, पाच-सहा मीटरपर्यंत दिसतं, पुढे गाळ.

पुढचे दोन तास घाटावर फक्त भुयार. हे भुयार थेट अजिंक्यताऱ्यावर निघतं. नाही, ते सज्जनगडावर. एका काकांनी सांगितलं की त्यांच्या आजोबांनी यातून कोंबडी सोडली होती ती माहुलीत निघाली. मी आत्तापर्यंत ज्या गावात गेलेय तिथे भुयार आहे आणि प्रत्येक भुयारात कुणीतरी कोंबडी सोडलेली आहे. अडीच फूट उंचीतून छत्रपती कसे जातील हा प्रश्न मी विचारला नाही, वातावरण चांगलं होतं.

ही मोरी आहे. पाणी जायची.

13 मार्च

साईट इंजिनिअर सर आले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, जुनी मोरी आहे, बंद पडलीय, दोन्ही तोंडं पीसीसीने, म्हणजे साध्या काँक्रीटने, भरून टाकू आणि पुढे जाऊ, मृगाच्या आत काम संपवायचंय. मी म्हटलं बंद पडलीय हे कशावरून? तळाची फरशी ओली आहे, मार्चमध्ये. ते म्हणाले मुरतं पाणी असेल. मुरतं तर कुठून मुरतं? यावर दोघांकडेही उत्तर नव्हतं, म्हणून आठ दिवस त्या टप्प्यात काम करायचं नाही आणि दक्षिणेकडून खोदायचं असं ठरलं. त्यांनी ऐकलं हे महत्त्वाचं, सगळे ऐकत नाहीत.

18 मार्च

परवा आचारसंहिता लागली. ज्या साहेबांकडून सही हवी होती ते निवडणुकीच्या ट्रेनिंगला. तोपर्यंत मोरीतला गाळ काढतोय, बादलीने, दोघी जणी आत आणि एक पोरगा बाहेर ओढायला. गाळात खापरं, एका मातीच्या चिलमीचं तोंड, बारीक मणी, आणि वरच्या थरात पीओपीच्या गणपतीचा हात. आत अंतराअंतरावर तळात चौकोनी खड्डे आहेत, हातभर खोल. पाण्यातला गाळ त्यात बसावा आणि वरचं निवळ पाणी पुढे जावं, म्हणून. नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून पुण्याला पाणी आणलं त्या नळातही गाळ बसायच्या टाक्या आहेत, विचार तोच, इथे आकार लहान. कुणीतरी झाकण उचलून हे खड्डे साफ करत असणार, कारण बरोबर प्रत्येक खड्ड्यावरच्या झाकणदगडाला दोन्ही कडांना बोटं घालायच्या खोबणी आहेत.

30 मार्च

आज रंगपंचमी. मोरी मागे देवळाच्या दिशेने जाते आणि ओवरीच्या खाली गडप होते, पुढे खोदायला परवानगी नाही आणि खोदूही नये. देवळामागे बारव आहे, लहानशी, पंधरा-सोळा पायऱ्यांची. साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारामोटेच्या विहिरीसारखी राजेशाही नाही हो, ती वीरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 मध्ये बांधली, आत महाल आहे. ही साधी. पण तिच्या काठाखाली साधारण हातभर, नदीच्या बाजूला, एक चौकोनी भोक आहे, शेवाळलेलं.

आता पोरांकडे आज रंग भरपूर. टँकरने बारव भोकाच्या वरपर्यंत भरली आणि दोन बादल्या हिरवा रंग ओतला, साधा खायचा रंग, बारवेत मासे आहेत म्हणून बाकीचा नको म्हटलं. एक जण मोरीच्या उघड्या तोंडाशी, एक जण घाटावर. घाटाच्या खालून चौथ्या पायरीच्या सांध्यातून बारा महिने पाणी झिरपतं, बायका तिथे कुंकू वाहतात, तिथे गंगा येते म्हणतात. आधी मोरीत हिरवं आलं, जवळजवळ लगेच. आणि तासाभराने गंगा हिरवी झाली.

मला जरा धाकधूक होती, श्रद्धेची गोष्ट आहे. पुजारीकाका पायरीवर बसून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हंजे गंगा बारवेतनं येती, एवढंच कळलं की. येती हे तर खरंच हाय." विषय संपला.

2 एप्रिल

इंजिनिअर सरांना पाणी दाखवलं. ते खाली बसले आणि सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर पेनाने हिशोब मांडायला लागले, मला तो मनापासून आवडला म्हणून इथे लिहून ठेवते. भिंतीच्या पाठीला तीन मीटर पाणी साचलं तर तळाशी दर चौरस मीटरला तीन टन दाब, आणि भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर एकूण साडेचार टन ढकल. हे नुसतं पाण्याचं, मातीचं वेगळं. डिझाईनमध्ये वीप होल, म्हणजे मागचं पाणी बाहेर जायला भिंतीत ठेवलेली भोकं, आहेत म्हणून पाठीला पाणी साचणार नाही असं धरलंय, पण ती तीन-चार इंची भोकं, मागे दगडगोट्यांचा फिल्टर नीट भरला नाही तर या गाळाने दोन पावसाळ्यात बुजतात. आणि इथे तर मागून बारव आणि डोंगरउताराचं पाणी सतत येतंय. मोरी बुजवली असती तर ते भिंतीमागेच राहिलं असतं.

दुसरी गोष्ट त्यांनीच सांगितली. भिंत पुरात पडत नाही शक्यतो, पूर ओसरताना पडते. पूर असतो तेव्हा समोरून नदीचं पाणी भिंतीला टेकू देतं. धरणाचा विसर्ग कमी केला की नदी एका रात्रीत उतरते, समोरचा टेकू जातो आणि मागची माती मात्र भिजून भरलेलीच असते. 2021 ला कोपरा कधी खचला विचारा म्हणाले. विचारलं. पाणी उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, तीन जणांना वेगवेगळं गाठून विचारलं, तिघांनी तेच सांगितलं. आणि तो नेमका उत्तरेचा कोपरा, जिथे मोरीची एक फाटी जाते ती जुन्या शौचालयाच्या पायाने बंद झालीय, हे मला गेल्या आठवड्यातच दिसलं होतं.

म्हणजे ज्यांनी घाट बांधला त्यांनी पुराला अडवायचा विचारच केला नव्हता. पूर चढला की नदीचं पाणी त्याच मोरीतून उलटं बारवेत चढायचं, पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना पाणी सारखं, उतरला की त्याच वाटेने परत. वाईच्या ढोल्या गणपतीचं तसंच, 1762 मध्ये गणपतराव रास्त्यांनी देऊळ बांधलं तेव्हा मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती केली, पाणी अंगावर न घेता दोन्हीकडे फुटून जावं म्हणून, आणि ते इतके पूर पचवून तिथेच आहे. कोणत्या पुस्तकात हे शिकवलं जात होतं माहीत नाही, पण नदीशेजारी राहणाऱ्या माणसाला दिसत असणार.

12 एप्रिल

गुढीपाडव्याच्या आधी सुधारित ड्रॉइंग गेलं आणि आज मंजूर होऊन आलं, आचारसंहितेत एवढ्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं, किरकोळ बदल म्हणून बसवलं म्हणे. मोरीच्या जागी भिंतीत बॉक्स, म्हणजे काँक्रीटची चौकोनी आरपार वाट, ठेवायचा, आतून मोरीच्याच मापाचा, झडप नाही. झडपेवरून जोरात वाद झाला. पुराचं पाणी उलटं आत येईल ही भीती, आणि माझं म्हणणं की तेच तर यायला पाहिजे. शेवटी सरांनी पोत्यावरचा हिशोब परत काढला. उत्तरेची फाटीही मोकळी करायची. मोरीच्या जुन्या दगडांना सिमेंट लावायचं नाही, जोड चुना-सुरखीतच, त्यासाठी गवंडी मामांनी कडब्याची गंजी हलवून घाणीचं चाक बघितलं आणि म्हणाले त्यापेक्षा मिक्सर बरा.

26 एप्रिल

दक्षिणेचा चर संपला. सगळ्यात खाली, पायऱ्यांच्याही खाली, राखाडी-पांढरी भुसभुशीत माती, कोळसा, हाडांचे तुकडे, लाल खापरं. गावाची जुनी पांढर, म्हणजे जुन्या वस्तीची पांढरी माती, इथपर्यंत होती. म्हणजे घाट बांधताना आधीच्या वस्तीची कड कापली. एवढ्याशा चरात त्याहून जास्त काही म्हणता येत नाही, भिंतीचा पाया त्याच्या वर थांबतो, त्यामुळे खाली हात लावायचा नाही. जिओटेक्स्टाईल (मातीवर अंथरायचं कापड) टाकून वाळू भरली. पुढे कधी कुणी नीट उत्खननाची परवानगी घेऊन आलं तर थर जागेवर मिळेल. खोदता येतंय म्हणून खोदायचं नसतं, हे ठेकेदारांना पटवायला लागलं नाही, त्यांना आनंदच झाला.

7 मे

मतदान. साईट बंद, ऑपरेटर दादा झाडाखाली झोपलेत, त्यांचं मत तिकडे गावाकडे.

17 मे

वळीव. दुपारी चारला अंधारून आलं आणि तासभर असा कोसळला की चराची एक बाजू आत आली, नशिबाने कुणी आत नव्हतं, त्या सेक्शनचं ड्रॉइंग झालं होतं. बॉक्स कालपरवाच ओतलेला, शटरिंग अजून बाहेरून होतं. मोरीतून गढूळ पाणी धो धो आलं, बॉक्समधून बाहेर, पायऱ्यांवरून नदीत. सर रेनकोट घालून मुकादमाबरोबर उभे राहून मोबाईलवर शूटिंग करत होते, आणि काठावरची माणसं पण, छत्र्या घेऊन.

5 जून

भिंत पूर्ण, मागचा भराव चालू. मृग लागायला दोन दिवस.

वस्तू सगळ्या धुऊन, सुकवून, यादी करून पेट्यांत. वीरगळ ओवरीत आहे, शेंदूर फक्त माथ्याला, पुजारीकाकांनी शब्द पाळला, पण कुणीतरी डोळे चिकटवलेत, चांदीचे. लढणाऱ्याला नाही, गाईला.

शिल्लक कामं: मोरीच्या उत्तरेच्या फाटीचं शेवटचं मोजमाप भराव पडायच्या आत घ्यायचं. नाण्याच्या पंचनाम्याची प्रत तहसीलमधून यायचीय. चुन्याचे नमुने पुण्याला पाठवायचे. बॉक्सच्या नदीकडच्या तोंडाला कुणीतरी आजच जाळी बसवायची गोष्ट काढली, कचरा आत जाऊ नये म्हणून, ती बसली तर पहिल्या पुरात पाला-काट्या अडकून तोंड बंद होईल, त्याचं पत्र उद्या द्यायचं. गाळाचे खड्डे वर्षातून एकदा, बेंदराच्या आधी, साफ करायचे हे ग्रामपंचायतीच्या रजिस्टरला लिहून घेतलंय, झाकणं उचलायच्या दोन पहारी आणि किल्ली पुजारीकाकांकडे.